दोब्बियाको ते कालाल्झो: गाड्यांचा त्रास नसलेली आल्प्समधली खडीची वाट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आल्प्समध्ये सायकल चालवायची म्हटलं की आपल्याकडच्या सायकलवाल्यांची पहिली अट ठरलेली असते: ट्रकच्या मागे धूर खात घाट चढायचा नाही. ती अट पाळणारी एक वाट इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, डोलोमाइट्सच्या डोंगरांत आहे. अख्ख्या आल्प्सची जंत्री इथे मिळणार नाही. हा एक मार्ग कणा धरून त्याला फुटणाऱ्या दोन-चार वाटा सांगितल्या आहेत आणि लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न घेतले आहेत.

मार्ग नेमका कुठून कुठे जातो?

उत्तरेला दोब्बियाको, मध्ये कोर्तिना द'आम्पेझ्झो, दक्षिणेला कालाल्झो. सगळं मिळून साठ-पासष्ट किलोमीटर. इटालियन लोक या वाटेला 'लुंगा व्हिया देल्ले दोलोमिती' म्हणतात. दोब्बियाको ते कोर्तिना हा साधारण 30 किलोमीटरचा टप्पा बहुतांश खडीचा आहे, तर कोर्तिनाच्या खाली कालाल्झोपर्यंतचा बहुतांश डांबरी. ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडीवर चालणारी जाड टायरची सायकल, घेऊन येणाऱ्याने जास्त वेळ वरच्या टप्प्याला द्यावा. खालचा टप्पा कमी देखणा आहे असं अजिबात नाही, पण तिथे जाड टायरचा उपयोग होत नाही.

इथे पूर्वी रेल्वे होती म्हणतात, ती काय भानगड?

पहिल्या महायुद्धात हे डोंगर म्हणजे आघाडी होती. युद्धाआधी कोर्तिना ऑस्ट्रियाच्या ताब्यातलं गाव होतं आणि इटलीची सरहद्द त्याच्या दक्षिणेला होती. दोन्ही सैन्यांनी रसद पोहोचवायला आपापल्या बाजूने अरुंद रूळ टाकले. युद्ध संपलं, सगळा मुलूख इटलीकडे आला, ते तुकडे जोडले गेले आणि 1921 मध्ये कालाल्झो ते दोब्बियाको अशी 950 मिलिमीटर रुंदीची छोटी रेल्वे पूर्ण झाली. 1956 च्या हिवाळी ऑलिम्पिकला प्रेक्षकांची ने-आण करताना ती तुडुंब भरायची. पुढे मोटारी वाढल्या आणि 1964 मध्ये गाडी बंद पडली. रूळ उचलले गेले. बांध, पूल, बोगदे आणि स्टेशनांच्या काही इमारती तेवढ्या राहिल्या. आज आपण चालवतो ती वाट त्याच बांधावरची.

हा इतिहास नुसता गंमत म्हणून सांगत नाही. पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

चढ किती? आल्प्स म्हटल्यावर पोटात गोळा येतो.

येऊ देऊ नका. रेल्वेच्या चाकांना उभा चढ झेपत नाही, त्यामुळे आखणारे डोंगराला वळसा घालत, दऱ्यांवर पूल टाकत चढ सपाट करत गेले. दोब्बियाको साडेबाराशे मीटरवर, कोर्तिना सव्वाबाराशेच्या आसपास आणि मधली चिमाबांके खिंड 1,530 मीटरवर. म्हणजे कुठल्याही बाजूने आलात तरी जेमतेम 300 मीटरचा चढ, तोही पंधरा-सोळा किलोमीटरांत पसरलेला. सरासरी दोन टक्के. आपल्या बोरघाटातला रेल्वेचा चढ 37 ला 1 आहे, हा त्याहून सौम्य. सिंहगडचा घाट रविवारी चढणाऱ्या माणसाला खिंड आली हे पाटी वाचून कळतं.

उंचीचा त्रास होण्याचा प्रश्नच नाही. चिमाबांके आपल्या कळसूबाईपेक्षा शंभरेक मीटरने बुटकी आहे.

खरंच एकही गाडी नाही?

वाटेवर नाही. शेजारी मात्र आहे, आणि हे आधीच सांगितलेलं बरं. आलेमान्या नावाचा राज्य महामार्ग, क्रमांक 51, याच दरीतून जातो. कुठे तो झाडीपलीकडे दिसतही नाही, कुठे पन्नास पावलांवर असतो, काही ठिकाणी तो ओलांडावा लागतो. ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी मोटरसायकलींचा आवाज दरीत घुमत राहतो. 'संपूर्ण शांतता' असं जाहिरातीत वाचून गेलात तर हिरमोड होईल. सकाळी लवकर, आठवड्याच्या मधल्या वारी गेलात तर पाण्याचा आणि स्वतःच्या टायरखालच्या खडीचाच आवाज येतो. शांत सायकलिंग हवं असेल तर महिना निवडण्याइतकंच वार निवडणंही महत्त्वाचं.

आणि गाड्या नाहीत म्हणजे वाट मोकळी असं नव्हे. चालणारे, बाबागाड्या, कुत्री, चार-चार जणांची रांग करून जाणारी कुटुंबं, सगळे तिथेच असतात. घंटी वाजवा, वेग उतरवा, बाजूने जा.

कुठल्या बाजूने सुरुवात करावी?

माझं स्पष्ट मत: दोब्बियाकोहून. एक कारण सरळ हिशोबाचं. चिमाबांकेची खिंड सुरुवातीलाच, पाय ताजे असताना उरकते आणि मग कोर्तिनापर्यंत, पुढे हवं तर कालाल्झोपर्यंत, जमीन खालीच जात राहते. कालाल्झो साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. उलट दिशेने आलात तर दिवसभर हळूहळू चढत राहावं लागतं, आणि अशा न दिसणाऱ्या चढाने माणूस जास्त वैतागतो.

दुसरं कारण म्हणजे डोंगर त्याच क्रमाने उलगडतात. गावाबाहेर पडलं की पहिला दोब्बियाकोचा तलाव, भोवती बोरू आणि पाणबदकं. मग दरी आवळत जाते. डाव्या हाताला पहिल्या महायुद्धातलं ऑस्ट्रो-हंगेरियन सैनिकांचं छोटं दफनस्थान आहे, झाडांखाली लाकडी क्रूसांच्या रांगा; सायकल टेकवून दोन मिनिटं आत जा. थोडं पुढे डावीकडची एक दरी अचानक उघडते आणि टोकाला त्रे चिमेचे तीन सुळके उभे दिसतात. सगळे इथेच थांबून फोटो काढतात, तेव्हा वाटेच्या मधोमध उभं राहू नका. लगेच लांद्रोचा तलाव लागतो. त्याचा तळ पांढऱ्या गाळाचा असल्याने उथळ भागात पाणी दुधाळ हिरवं दिसतं, आणि मागे क्रिस्ताल्लोचा डोंगर. कार्बोनिन या वस्तीनंतर जंगलातून सावकाश चढत चिमाबांके येते. तिथे खाण्यापिण्याची सोय आहे, वर क्रोदा रोस्सा डोंगराची तांबूस भिंत आहे, आणि दक्षिण तिरोल संपून वेनेतो प्रांत सुरू होतो.

खिंडीपलीकडचा उतार हा या वाटेचा सगळ्यात चांगला भाग. ओस्पिताले मागे पडलं की फेलिझोनची घळ येते. रेल्वेच्या पुलावरून खाली पाहिलं तर ओढा खूप खोल, खडकाच्या चिरेत. पुलाच्या आगेमागे बोगदे आहेत. उन्हातून एकदम आत शिरल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही, समोरून येणारा माणूसही नाही. म्हणून बोगद्याच्या तोंडाशीच वेग कमी करा, गॉगल कपाळावर चढवा आणि दिवा लावून आत जा. त्यानंतर फियामेसचं सपाट मैदान आणि पुढे कोर्तिना. तिथलं जुनं रेल्वे स्टेशन आता बसस्थानक आहे.

सायकल कशी हवी?

खडी बारीक आणि दाबलेली आहे, पण पाऊस पडून गेल्यावर उताराच्या वळणांवर सुटी खडी साठते. 38 ते 45 मिलिमीटरचे टायर उत्तम. ट्यूबलेस असेल तर हवा थोडी कमी ठेवा, मनगटं दुवा देतील. 28 च्या रोड टायरवर जाणारे दिसतात, पोहोचतातही, पण त्यांची नजर सतत पुढच्या चाकावर असते. डोंगर बघायला आलो आणि खडी बघून परतलो, असं नको. पुढे-मागे शॉकअप असलेल्या माउंटन बाईकची या वाटेला गरज नाही. पुढे सांगितलेल्या प्लेट्सवीझेच्या उभ्या चढाचा विचार असेल तर मात्र हलका गिअर असलेली सायकलच घ्या.

चाकाखालचा दगड डोलोमाइटचा. त्याची पांढरी भुकटी तेलकट चेनवर बसली की तिचा पिठासारखा लगदा होतो. चेनला तेल कमी लावा आणि संध्याकाळी फडक्याने पुसा.

इथून सायकल न्यावी की तिकडे भाड्याने घ्यावी?

हा एकच भाग करायचा असेल तर भाड्याने. दोब्बियाको, सान कांदिदो, कोर्तिना तिन्ही ठिकाणी दुकानं आहेत. एक मेख: दुकानात माउंटन बाईक आणि ई-बाईकची रांग असते, खरी ग्रॅव्हल बाईक मोजकीच, आणि लहान मापाची त्याहून कमी. उंची आधी कळवून बुकिंग करा. पेडल स्वतःची असतील तर घेऊन जा, बसवून देतात.

तीन-चार आठवडे युरोपभर फिरणार असाल तर स्वतःची सायकल खोक्यात घालून न्यायला अर्थ आहे. विमान कंपनीचे वजनाचे आणि खोक्याच्या मापाचे नियम तिकीट काढण्याआधी वाचा.

ई-बाईक चालते का?

चालते. 250 वॉट आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंत मदत करणारी, पेडल मारल्यावरच चालणारी गाडी इटलीत सायकलच मानली जाते. त्याहून जोरदार गाडी मोटरसायकलींच्या नियमांत जाते आणि या वाटेवर तिला जागा नाही.

कधी जावं?

जून ते सप्टेंबरअखेर, त्यातही सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. गर्दी ओसरलेली असते, हवा स्वच्छ असते, दुपारची वादळं कमी होतात. ऑक्टोबरमध्ये लार्चची झाडं सोनेरी होतात. तो देखावा हवा असेल तर हातमोजे न्या आणि काही खानावळी बंद असतील हे धरून चला. मे महिन्यात खाली फुलं आणि चिमाबांकेच्या सावलीत बर्फ अशी स्थिती असू शकते. 15 ऑगस्टच्या आठवड्यात मात्र जाऊ नका. ती इटलीची मोठी सुट्टी, अख्खा देश डोंगरात किंवा समुद्रावर असतो.

हिवाळ्यात हीच वाट बर्फावरच्या स्कीसाठी तयार केली जाते. तेव्हा सायकल घेऊन जाण्यात मतलब नाही.

एका बाजूने गेल्यावर परत कसं यायचं?

उन्हाळ्यात कोर्तिना-दोब्बियाको बस असते आणि मोसमात सायकली नेण्याची सोय केलेली असते. जागा मर्यादित, त्यामुळे शेवटच्या बसवर अवलंबून राहू नका. कालाल्झोला पोहोचलात तर तिथे अजून रेल्वे आहे; बेल्लुनोच्या बाजूने खाली मैदानात, पादोवा-व्हेनिसकडे जाता येतं. उत्तरेला दोब्बियाकोचं स्टेशन पुस्तेरिया दरीच्या रेल्वेमार्गावर आहे. सायकलीचं वेगळं तिकीट लागतं. या मार्गावर कामांसाठी गाड्या बंद ठेवून बस सोडल्याचे प्रसंग येतात आणि त्या बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी वेळापत्रक बघा.

दम असेल तर तेच 30 किलोमीटर उलटे मारून या. चढ तेवढाच आहे.

सोबत आई-बाबा आणि लहान मुलं आहेत. त्यांचं काय?

त्यांना द्राऊ नदीकाठच्या वाटेने लिएन्झला न्या. दोब्बियाकोच्या माळावर पाणी वाटलं जातं: पश्चिमेकडची रिएन्झ नदी शेवटी आड्रियाटिक समुद्राला मिळते, तर पूर्वेकडची द्राऊ डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला. या द्राऊच्या काठाने सान कांदिदोहून निघालं की साधारण 45 किलोमीटरांत पाचशे मीटर खाली, ऑस्ट्रियातल्या लिएन्झ गावात. पेडल मारायचं निमित्त फारसं येत नाही. वाट बहुतांश डांबरी, त्यामुळे ग्रॅव्हलवाल्याला मिळमिळीत वाटेल, पण घरच्यांचा दिवस झकास जातो. हाइनफेल्स गावात लोआकरचा कारखाना आहे, तेच वेफर जे आपल्याकडच्या मॉलमध्ये मिळतात. मुलं तिथून हलत नाहीत. परतायला सायकलीसकट रेल्वे. उन्हाळ्यात दुपारच्या गाडीला हीच सगळी जनता असते, तेव्हा सकाळी लवकर निघून लवकर परता.

मध्ये देशाची सीमा ओलांडली जाते. नाका दिसणार नाही, पण पासपोर्ट खोलीवर ठेवून जाऊ नका.

आम्हाला जरा घाम काढणारं काहीतरी सांगा.

कार्बोनिनहून प्लेट्सवीझे, इटालियन नाव प्रातो पियाझ्झा. ऑस्ट्रियाच्या सैन्याने बांधलेला जुना लष्करी रस्ता आहे, खडीचा, वळणावळणांचा, सामान्य गाड्यांना बंद. सहा-सात किलोमीटरांत जवळपास सहाशे मीटर चढ. तोफा ओढणाऱ्या जनावरांसाठी आखलेला असल्याने उभा असला तरी एकसुरी आहे. लय सापडली की चढत राहता येतं. वर दोन हजार मीटरवर अचानक पसरलेली हिरवी पठारं, गायींच्या घंटा आणि 1890 च्या दशकातल्या किल्ल्याचा पडका सांगाडा. शेजारी थांबायला ड्युरेनश्टाइन हट आहे.

खाली उतरायचे दोन पर्याय. आल्या वाटेने उतरलात तर ब्रेकवर बोटं दुखतील आणि मोठे दगड असलेल्या वळणांवर चाक घसरेल, म्हणून सावकाश. दुसऱ्या बाजूला ब्रुकेलेकडे डांबरी रस्ता आहे. तिथे उन्हाळ्यात दिवसा खासगी गाड्यांवर निर्बंध असतात, तरी बस आणि पाहुण्यांच्या गाड्या भेटतात. त्या बाजूने उतरून प्राग्स दरीतून पुस्तेरियाच्या सायकलवाटेला लागायचं आणि दोब्बियाकोला परत. भरगच्च दिवसाची फेरी होते.

त्रे चिमेच्या पायथ्यापर्यंत सायकलने जाता येईल?

आउरोन्झो हटपर्यंतचा रस्ता आहे, पण तो टोल भरून वर येणाऱ्या गाड्यांचा आहे आणि शेवटचे काही किलोमीटर भलतेच उभे आहेत. गाड्या नकोत म्हणून आला असाल तर तिकडे कशाला जाता? लांद्रोच्या आधीचा तो देखावा बघा, किंवा सायकल ठेवून बसने वर जाऊन पायी फिरा.

शाकाहारी माणसाची आबाळ होते का?

उपाशी राहत नाही, पण विचारल्याशिवाय काही घेऊ नका. कोर्तिनाचा खास पदार्थ म्हणजे कासुंझिएई: बिटाचं सारण भरलेल्या अर्धगोल पारी, वर वितळलेलं लोणी, किसलेलं चीज आणि चक्क खसखस. करंजीच्या घरातल्या माणसाला लगेच जवळचा वाटतो. पारीत अंडं असतं, हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. दुसरा पदार्थ कानेदेर्ली, म्हणजे शिळ्या पावाचे मोठे गोळे. त्यांत बहुधा डुकराचं मांस असतं. पालकाचे किंवा चीजचे मागा, आणि 'सूपमध्ये नको' असंही सांगा, कारण ते सूप मांसाचं असतं. पोलेंता, म्हणजे मक्याचं घट्ट पिठलंच म्हणा, मशरूमबरोबर मिळतं. जैन मंडळींनी खाकरे-ठेपल्यांवर भिस्त ठेवावी.

खानावळींची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात. तीनला पोहोचून जेवण मागाल तर केक आणि कॉफी मिळेल.

पाणी?

गावागावांत वाहते नळ आहेत, पिण्याजोगे. 'नोन पोताबिले' अशी पाटी असेल तिथलं पिऊ नका. कार्बोनिन ते कोर्तिनापर्यंत पुरेल इतकं भरून घ्या.

गावांना दोन-दोन नावं का दिसतात?

दक्षिण तिरोलमध्ये जर्मन आणि इटालियन दोन्ही भाषा सरकारी आहेत, काही दऱ्यांत लादीनही. दोब्बियाको म्हणजेच टोब्लाख, सान कांदिदो म्हणजे इनिखेन, कार्बोनिन म्हणजे श्लुडरबाख. नकाशात एक नाव आणि पाटीवर दुसरं दिसलं तर वाट चुकली असं समजू नका.

कायद्याचं काही?

पुढे पांढरा दिवा, मागे लाल, घंटी. गावाबाहेर अंधार पडल्यावर आणि रस्त्याच्या बोगद्यांत चमकणारं जाकीट सक्तीचं. संरक्षित उद्यानांत फक्त परवानगी असलेल्या रुंद वाटांवर सायकल. पायवाटेवर घातलीत तर दंड होतो, आणि व्हायलाच हवा. इथले डोंगर 2009 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा. तो घेताना सायकलिंग आणि डोंगरातली सुटका त्यात धरली आहे का, हे पॉलिसीत वाचा. दुखापत नसताना हेलिकॉप्टर बोलावलंत तर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. मदतीचा क्रमांक 112.

याहून रांगडं, उंच काही आहे?

आहे, पण दुसऱ्या टोकाला, पश्चिम आल्प्समध्ये. तोरिनोच्या पश्चिमेला आस्सिएत्ताचा जुना लष्करी रस्ता दोन हजार मीटरच्या वरून डोंगरमाथ्याने जातो. जुलै-ऑगस्टमध्ये बुधवार-शनिवारी तो मोटारींना बंद ठेवतात. लिमोने ते मोनेसी ही 'व्हिया देल साले' तशीच, तिथे मंगळवार-गुरुवार. दोन्हीकडे खडी मोठी, पाणी दूर, हवामान लहरी. दोब्बियाकोची वाट सहज झाल्यावर तिकडे बघा. बंदीचे वार मोसमागणिक बदलू शकतात, स्थानिक पालिकेची सूचना वाचूनच खोली बुक करा.

वाटेत वादळ आलं तर?

जुलै-ऑगस्टमध्ये हे 'तर' नसून बहुधा 'केव्हा' असतं. सकाळ निरभ्र, अकरापर्यंत माथ्यांवर कापूस, दोन-तीनला गडगडाट. म्हणून सातला निघा आणि एकपर्यंत खिंड मागे टाका. गडगडाट सुरू झाला तर एकटं झाड, मोकळं मैदान आणि पूल टाळा. ओस्पिताले किंवा चिमाबांकेच्या खानावळीत बसा. सायकल भिजली तर भिजू द्या. प्लेट्सवीझेच्या पठारावर असाल तर हटमध्ये शिरा, किल्ल्याच्या पडक्या भिंतींच्या आडोशाला नको.

पाऊस थांबल्यावर घाईने निघू नका. या डोंगरांचे उतार भुसभुशीत आहेत, जोराच्या सरीनंतर दगडमातीचे लोट घळींतून खाली येतात आणि वाट बंद करतात. 2025 च्या उन्हाळ्यात कोर्तिनाच्या खालच्या सान वितो गावाजवळ अशाच लोटांनी महामार्ग बंद पाडला होता. वाटेवर पट्टी लावलेली दिसली तर खालून वाकून पलीकडे जायचं नाही. गावात परत जाऊन पर्यटन कार्यालयात विचारा, वळणाची वाट ते नकाशावर काढून देतात.